डाळ शिजते का तिकडं?

आमच्या घरातली मुलगी द्यायची ठरली की जमीन किती, बैल किती, कर्ज किती ही चौकशी पुरुषमाणसे करीत. आजी मात्र एकच प्रश्न विचारी, "डाळ शिजते का तिकडं?" पाहुण्यांना वाटे, म्हातारीला खाण्याची फार काळजी. आजीचा हिशेब निराळा होता. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर चुलीवर राहूनही दाणा मोडत नाही, ते पाणी जड. जड पाण्याच्या गावात सुनेला सरपण जास्त लागणार, धुणे जास्त आपटावे लागणार आणि तिचे केस जाणार. आजी शाळेत गेली नव्हती. रसायनशास्त्रातली ही परीक्षा तिला तिच्या सासूने शिकवली होती.

१९५८ च्या सुमारास माझ्या धाकट्या आत्याचे लग्न ठरले, तेव्हा या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिले नाही. आमचे गाव खानापूर तालुक्यातले, रानाला लागून. सासर अथणीच्या बाजूचे, कृष्णेपासून लांब, विहिरीवर जगणारे. घर खाऊनपिऊन सुखी, दुकानदारी पिढीजात, माणसे मायाळू. आत्या गेली ती कमरेखाली येणारी वेणी घेऊन. दुसऱ्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा ती वेणी निम्मीही उरली नव्हती, आणि केसांना हात लावला तर काथ्याला लावल्यासारखे वाटे. आजीने काही न बोलता तिला पुढ्यात घेऊन तेल लावले. पण बाकीच्यांची तोंडे कोण धरणार? सासरी म्हणत, पोरीला दृष्ट लागली. माहेरी म्हणत, तिकडे हाल असणार, नाहीतर असे केस कोणाचे जातात? आत्या दोन्हीकडचे ऐके आणि गप्प राही. चारेक वर्षांनी तिने स्वतःच कात्री घेतली. त्या काळी सवाष्णीने केसांना कात्री लावणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यावरून दोन घरांत जो अबोला आला, तो पुढे दोन दिवाळ्या टिकला.

दोष कोणाचा होता, हे शोधायला निघालो तर आधी खडकापाशी जावे लागते.

बेळगाव जिल्हा कागदावर एक असला तरी जमिनीखाली तो एक नाही. पश्चिमेला खानापूर, बेळगाव शहर, चंदगडची सीमा हा सगळा जांभ्याचा मुलूख. हजारो वर्षांच्या धो धो पावसाने या दगडातला चुना केव्हाच धुऊन नेला आहे. उरले ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा हलके, जवळजवळ पावसासारखे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींसाठी टिळकवाडीत मोठी विहीर खोदली गेली. ती आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून दाखवतात. तीही याच पट्ट्यातली. चिकोडी, रायबाग, अथणी ओलांडत पूर्वेला गेलो की काळा बसाल्ट आणि काळी माती लागते. गोकाक, रामदुर्गाकडे कलादगीचे जुने थर, त्यांत चुनखडी. इथे पाऊस थोडा, आणि जो पडतो तो मातीतला कर्बवायू पोटात घेऊन किंचित आंबट होतो, खडकात हळूहळू मुरतो आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतो. तेच आपले जड पाणी. फारच बिघडले तर त्याला मचूळ म्हणतात, सवळ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' असा शब्द होता, म्हणजे ज्यात फेस होत नाही ते. शब्द बोजड खरा, पण नेमका. आजीच्या डाळीचे कारणही तेच. कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते, म्हणून दाणा फुटत नाही.

पाण्याचा स्वभाव जमिनीवर अवलंबून असतो हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होते. सुश्रुतसंहितेत पाण्याचे प्रकार जमिनीप्रमाणे वेगळे केले आहेत आणि आकाशातून पडलेले, जमिनीला न लागलेले पाणी श्रेष्ठ मानले आहे. आमच्याकडच्या कानडी घरांत नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी 'नीरु तुंबुव हब्ब' असतो, पाणी भरण्याचा सण. न्हाणीघरातला हंडा चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याच्या गळ्याला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचे, ताजे पाणी भरायचे आणि पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. आमच्या मराठी घरातही ते आपोआप आले. शेजारच्या काकू हंडा पूजतात आणि आपला तसाच, हे आजीला पटले नसते. चिंचेचे मला तेव्हा काही विशेष वाटले नव्हते. आता कळते, की काळेपणाबरोबर ती हंड्यातला पांढरा थरही काढी. हा थर म्हणजे पाणी खूप तापल्यावर त्यातून बाहेर पडलेला चुना. जड पाण्यातला बायकार्बोनेटचा भाग उकळल्यावर असा खाली बसतो. म्हणजे खळखळ उकळून, निवून, वरवरचे घेतलेले पाणी थोडे हलके झालेले असते. नुसते कोमट केलेले मात्र होते तसेच राहते, आणि रोजच्या न्हाण्याला कोण पाणी उकळत बसतो!

आता केस धुण्याचे साहित्य. शिकेकाई हा शब्दच आपण दक्षिणेकडून घेतला आहे. कानडीत 'सीगे' हे त्या काटेरी वेलीचे नाव आणि 'कायि' म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. मराठी घरात आपण 'शिकेकाईची शेंग' म्हणतो, तेव्हा शेंग दोनदा म्हणतो. रिठ्याला कानडीत अंटवाळ म्हणतात, आणि हैदराबादकडची आपली माणसे तेलुगूतले कुंकुडकाय हेच नाव सर्रास वापरतात. या दोन्हींत फेस आणणारा जो पदार्थ असतो तो सॅपोनिन. या गोष्टीचा कणा इथे आहे: सॅपोनिनचा पाण्यातल्या चुन्याशी गाळ होत नाही. फेस थोडा कमी येईल, पण जे बाहेर पडते ते पाण्याबरोबर वाहून जाते. शिवाय शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असते, आणि केसाला आम्ल मानवते. म्हणजे अथणी, विजापूर, सोलापूर, पुढे मराठवाडा, तेलंगण या जड पाण्याच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या बायकांचे लांब केस टिकत होते, ते पाणी जड असूनही. आजीची भीती निम्मीच खरी होती. उरलेल्या निम्म्याचे उत्तर साबणाच्या दुकानात आहे.

आजच्या अर्थाचा, कारखान्यातला वडीचा साबण आपल्याकडे दीडशे वर्षांपेक्षा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेरठला नॉर्थ वेस्ट सोप कंपनीने कारखाना काढला. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट'च्या पेट्या उतरल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानाने बंगळुरात चंदनाचा साबण सुरू केला, आणि त्याच सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण बाजारात आणला. स्वदेशीची हवा होती, त्यामुळे साबण लावणे हे स्वच्छतेचे, सुधारणेचे आणि देशभक्तीचे, अशी तिन्ही लक्षणे एकदम झाले. शिकेकाई कुटत बसणे मागासलेपणाचे ठरले.

साबण जड पाण्यात काय करतो, याचा हिशेब मात्र परदेशात तोवर कधीच मांडला गेला होता. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ साली पाण्याचा जडपणा मोजायची युक्ती काढली. पाण्यात मोजून साबणाचे द्रावण टाकत जायचे, हलवायचे आणि टिकाऊ फेस केव्हा येतो ते बघायचे. जितका साबण जास्त, तितके पाणी जड. पाण्याचा जडपणा 'क्लार्क अंशां'त मोजण्याची पद्धत तिथून आली. कारण असे की साबण पाण्यात पडताच आधी कॅल्शियमला जाऊन मिळतो. त्याचा न विरघळणारा, चिकट, पांढुरका गाळ होतो, आणि सगळे कॅल्शियम संपल्यावरच उरलेला साबण आपले काम सुरू करतो. गणित सोपे आहे. लिटरमागे २०० मिलिग्रॅम काठिण्याचे पाणी पंधरा लिटरच्या बादलीत घेतले, तर फेस येण्याआधीच त्यात साधारण १८ ग्रॅम साबण वाया जाऊ शकतो. शंभर ग्रॅमच्या वडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा! आणि वाया गेला म्हणजे नाहीसा झाला असे नाही. बादलीच्या कडेला जो करडा काठ दिसतो, तोच गाळ केसांतही बसतो.

आत्या सत्तरीत आल्यावर एका दिवाळीत मी तिला सरळ विचारले, "आत्या, तिकडे न्हायला काय वापरत होतीस गं?" ती म्हणाली, "साबण. दुसरं काय? आमच्यात शिकेकाई गड्यामाणसांच्या घरातली म्हणायचे. लग्नानंतर सासूबाईंनी नवा सुवासिक साबण काढून दिला, स्वतः लावायच्या नाहीत इतका महागाचा. फेस येत नाही म्हणून मी दोनदा, तीनदा लावायची. केस चिकट राहिले की परत लावायची." सासूने दिलेला साबण हा छळ नव्हता, कौतुक होते. आणि त्या कौतुकानेच घात केला.

केसाच्या बाजूने पाहू. केस म्हणजे केराटीन या प्रथिनाचा धागा. त्यावर कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. साबणाचे पाणी अल्कली असते. त्यात हे खवले उचलले जातात आणि केसावरचा ऋण विद्युत्भार वाढतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम हे धनभारित, ते तिथे सहज चिकटतात. त्यावर चुन्याच्या साबणाचा लेप बसला की केस केसावरून सरकत नाही, फणी अडकते, आणि अडकलेली फणी बाई ओढते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेखाली येणाऱ्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे म्हातारे असते. त्याने शेकडो न्हाणी सोसलेली असतात. म्हणून वेणी आधी टोकाकडून झडते, मधूनच तुटते आणि बारीक होत जाते. पण केसाचे मूळ त्वचेच्या आत असते. जड पाण्याने टक्कल पडते याला आधार नाही. तुटणे वेगळे आणि गळणे वेगळे. हातात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक कंद असला तर तो मुळातून आलेला, आणि त्याची कारणे बाळंतपण, ताप, रक्तक्षय, थायरॉइड अशी शरीरात शोधावीत. कंद नसला तर तो तुटलेला. आत्याच्या फणीत काय येत होते ते आता कोण सांगणार? पण कापल्यानंतर आखूड केस पुढे चांगले दाट राहिले, हे मी पाहिले आहे.

नुसत्या जड पाण्याने केस कमजोर होतो का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोइमतूरच्या डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केस महिनाभर रोज दहा मिनिटे जड आणि ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून पाहिले, तर ताणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे पाकिस्तानातल्या एका अभ्यासात जड पाण्याने केसांचे बळ कमी झाल्याचे दिसले. माझे मत कोइमतूरच्या बाजूला झुकते. एकटे पाणी एवढे दुष्ट नाही, त्याला साबणाची आणि फणीची सोबत लागते.

मग शांपू आला. शब्द आपलाच, चांपणे-चंपीतला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला शेख दीन महंमद हा गृहस्थ इंग्लंडात गेला आणि १८१४ च्या सुमारास ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचे स्नान आणि चंपी यांचे दुकान थाटले. चौथा जॉर्ज राजा त्याचे गिऱ्हाईक झाला. तेव्हा शांपू म्हणजे अंग चोळणे, केस धुणे हा अर्थ मागाहून आला. आणि आरंभीचे शांपू म्हणजे पुन्हा साबणच, पूड किंवा पातळ. खरा फरक पडला १९३० नंतर, अमेरिकेत. १९३३ मध्ये 'ड्रेफ्ट' ही धुण्याची पूड आणि १९३४ मध्ये 'ड्रीन' हा शांपू निघाला. दोन्ही साबण नव्हते, कृत्रिम डिटर्जंट होते, आणि त्यांचा मोठा गुण म्हणजे जड पाण्यात गाळ न होणे. जे शिकेकाई फुकट करीत होती, ते कारखान्याला साधायला इतकी वर्षे लागली. भारतात 'सनसिल्क' १९६४ साली आला. १९८३ मध्ये आलेल्या 'चिक'च्या पुडीने शांपू खेड्यातल्या पानपट्टीपर्यंत नेला. आत्याच्या वेणीला मात्र उशीर झाला होता.

याच काळात पाणी उलट्या दिशेने गेले. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. सोलापूरच्या मिशनरी कार्यशाळेत घडलेल्या 'सोलापूर पंपा'वरूनच पुढे देशभर पसरलेला 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. बायकांची पायपीट वाचली, हे उपकार लहान नव्हेत. पण उथळ विहिरीत दर पावसाळ्यात ताजे पाणी मिसळते, बोअरचे पाणी खडकाच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिलेले असते. बोअर जितकी खोल, तितके बहुधा पाणी जड. आता शहरांच्या नव्या वसाहतींतही टँकर आणि बोअर, आणि घराघरात केसांची तक्रार.

पाण्याला दोष देण्याची घाई किती असते, हे डिसेंबर २०२४ - जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात दिसले. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत झडू लागले. हा खारपाणपट्टा, तेव्हा पहिले बोट पाण्याकडेच गेले. पण तसले पाणी ती गावे पिढ्यान् पिढ्या वापरत होती. पुढे तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळले, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. त्या काळात त्या गावांशी सोयरीक करायला लोक कचरत असल्याच्या बातम्या वाचल्या आणि मला आत्या आठवली.

जड पाण्यात राहणाऱ्याने करायचे काय? आधी पाणी ओळखावे. बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात साध्या साबणाचा कीस टाकून हलवा. फेसाऐवजी दुधाळ गढूळपणा आणि साय दिसली तर पाणी जड. क्लार्कसाहेबांची परीक्षा घरच्या घरी झाली. मोजून हवे असेल तर प्रयोगशाळेचा आकडा मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. केसांना वडीचा साबण लावू नये, मग तो कितीही 'हर्बल' असो. शिकेकाई वापरायची तर उकळून, वस्त्रगाळ करून, नाहीतर पूड केसांत बसते आणि आपण पुन्हा पाण्याला नावे ठेवतो. शांपूच्या बाटलीवर ईडीटीए असे लिहिलेले असेल तर तो पदार्थ कॅल्शियमला पकडून धुऊन नेतो. बसलेला थर काढायला शेवटच्या पाण्यात लिंबू पिळावे किंवा तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे, आठवड्यातून एकदा पुरे. न्हाण्याआधीचे तेल हा आपला जुना उपाय खरोखर उपयोगी आहे, कारण तेलकट केसात पाणी आणि क्षार कमी शिरतात. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. नळाला लावायची जी छोटी गाळणी विकतात, त्यांतल्या बहुतेक क्लोरीन धरतात, कॅल्शियम नाही. विकणारा हे सांगत नाही. जडपणा खरोखर घालवते ते मिठावर चालणारे यंत्र, पण त्याला खर्च आहे आणि मीठ भरत राहावे लागते. सर्वांत स्वस्त उपाय गच्चीवर पडतो आणि गटारात जातो.

आत्याने तोच धरला होता. अबोला मिटल्यावर ती दरवर्षी माहेराहून शिकेकाईचे गाठोडे नेई, आणि मृगाचे पहिले दोन पाऊस कौले धुण्यासाठी सोडून देऊन मग पागोळीखाली घागरी लावी. झाकून ठेवलेल्या त्या पाण्यातले दोन तांबे नरक चतुर्दशीच्या पहाटे सुनेच्या केसांवर शेवटी ओतायचे, हा तिच्या घरचा रिवाज झाला. सुनेची वेणी कमरेपर्यंत होती.

गेल्या वर्षी आत्याची नात नोकरीसाठी बंगळुरात घर बघत होती. १९७४ पासून त्या शहरात कावेरीचे पाणी येते, पण सगळ्या वसाहतींना ते पुरत नाही. घरमालक कानडीत भाडे, अनामत, पार्किंग असे सांगत होता. पोरीने त्याला मध्येच थांबवले आणि विचारले, "कावेरीना, बोरा?" मालक हसला. मी फोनवर होतो. म्हटले, "आता डाळीचंही विचार."